"परंतु म्हणजे खरं": एका परत आलेल्या पुस्तकाचं प्रकरण

6 ऑगस्ट 2024, मंगळवार. बेळगावचा पाऊस म्हणजे सांगायला नको, आदल्या रात्रीपासून नुसता ओतत होता. भाऊ शटर अर्धं वर करून पायरीवरचं पाणी खराट्यानं ढकलत होता आणि मी शाळेला सुट्टी म्हणून गल्ल्यामागं चहा घेऊन बसले होते. तेवढ्यात एक बाई छत्री मिटत आत आल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीतनं एक पातळ पुस्तक काढलं आणि गल्ल्यावर ठेवलं.

"दादा, हे परत घेता काय ओ?"

भावानं उलटंपालटं करून बघितलं. "फाटलंय काय? पानं कमी हाईत?"

"फाटलं नाही, काय नाही. ती गोष्ट ह्यात नाहीच की! परवा मॅडम सांगितल्या ती. रात्री पोरीला घेऊन वाचायला बसलो, तर बस कुठं हाय म्हणते, कुंदा कुठं हाय म्हणते. मी सगळी पानं उलटून बघितलो. बस नाही, कुंदा नाही, तीन मिनिटांत पुस्तक संपलं. आणि ही भोकाड पसरून बसली, हे ते नव्हे म्हणून."

ती मॅडम म्हणजे मी. (आणि कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची दुधाची मिठाई.) भावानं एकदा माझ्याकडं बघितलं, काही न बोलता गल्ल्यातनं 60 रुपये काढून बाईंना दिले आणि पुस्तक बाजूला ठेवलं.

छोट्या गावात पुस्तकांचं दुकान चालवणारे ओळखीचे दोन-तीन लोक अधूनमधून विचारत असतात की तुमच्या रविवारच्या गोष्टीचं कसं चाललंय, आम्ही पण सुरू करावं म्हणतोय, काय करू. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं हे एक प्रकरण पहिल्यापासून लिहून काढावं, चुका धरून, कारण चुका जास्त माझ्याच आहेत.

दुकान टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटपासून चालत पाच मिनिटं. 12 बाय 20 चा गाळा. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं, वह्या, गाईडं, कंपासपेट्या ह्यावर वर्षाचं भाडं निघतं आणि बाकीचे महिने गोष्टींची पुस्तकं ही भावाची हौस. मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही ठेवतो. मुलांच्या पातळ पुस्तकांवर आम्हाला 25-30 टक्के सुटतात, म्हणजे 60 रुपयांच्या पुस्तकामागं पंधरा-अठरा रुपये. पुस्तकांवर जीएसटी नाही, तेवढं एक बरं.

बेळगावला वाचनाचं नवं काही शिकवायला नको. सार्वजनिक वाचनालय 1848 चं आहे. 1946 चं साहित्य संमेलन इथं झालं, माडखोलकर अध्यक्ष होते, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्यातच झाला. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावागावांत आजही संमेलनं भरतात, मांडव घालून, ग्रंथदिंडी काढून. खरं तिथं मोठी माणसं बोलतात आणि मोठी माणसं ऐकतात, पोरं दिंडीत लेझीम खेळून झाली की घरी. (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात हो, पुण्याकडचे लोक दर वेळी गोंधळतात. हा 'खरं' पुढं परत येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.) भावाच्या डोक्यात आलं ते एवढंच, की रविवारी सकाळी 11 वाजता दुकानात चटई टाकायची, चार ते आठ वर्षांची पोरं बसवायची, एक पुस्तक वाचायचं. फी नाही, नाव नोंदवणं नाही. मी डीएड केलेली, पहिली-दुसरीला शिकवते, म्हणून वाचायचं काम माझ्यावर आलं.

जानेवारी 2024 मध्ये उद्घाटन केलं आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. माईक लावला, फुगे लावले, पाहुणे बोलावले, सर्टिफिकेटं छापली. 38 पोरं आली, तेवढेच पालक, गाळ्यात श्वास घ्यायला जागा नाही, माईक शिट्ट्या मारतोय, पाहुण्यांनी पंचवीस मिनिटं वाचनाचं महत्त्व सांगितलं आणि पुस्तक वाचायची वेळ आली तोवर अर्धी पोरं चिप्सच्या पाकिटावर. फोटो झकास आले. पुढच्या रविवारी 22, मग 14, मग 9, मार्चमध्ये 6. उद्घाटनाची गर्दी ओसरणारच होती, त्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही. मला लागलं ते वेगळंच.

फेब्रुवारीतला एक रविवार. मी वाचतेय, पुस्तकात वाक्य आलं, "परंतु उंदीर काही बोलला नाही." पुढं बसलेल्या एका पोरानं विचारलं, "टीचर, परंतु म्हणजे?" मी तोंड उघडायच्या आत त्याच्या शेजारचा, तिसरीतला असेल, म्हणाला, "परंतु म्हणजे खरं रे." सगळी हसली, मी पण हसले. खरं त्यानंतर माझं लक्षच उडालं. मी 'डोकावून पाहिले' वाचलं की कोपऱ्यातनं खुसखुस, 'नव्हती' म्हटलं की खुसखुस. एक पोरगी आईला म्हणालेली मी कानानं ऐकलं, "टीचर पुस्तकासारखं बोलायलीय." अगं बाई, पुस्तकच वाचायलीय मी!

ह्या पोरांची भाषेची गत नीट समजून घ्यायला पाहिजे. घरी मराठी, आमची बेळगावी मराठी, म्हणजे 'मी जेवण केलो', 'तू काय करायलास' ही. त्यातली बरीच इंग्लिश मीडियमला, शाळेत कन्नड सक्तीचं, गल्लीत दोन्ही मिसळून. देवनागरी वाचता येते ती हिंदीच्या जोरावर. पुस्तकातली मराठी त्यांच्या कानावर कुठं पडते? टीव्हीवर, आणि पाहुण्यांच्या भाषणात. मराठी शाळेतली पोरं येतात त्यांना जरा बरं जातं, तरी 'परंतु' त्यांनाही वहीतच भेटतो.

एप्रिल-मे सुट्टी, जूनमध्ये पाठ्यपुस्तकांची झुंबड, त्यामुळं कार्यक्रम बंद होता. त्या तीन महिन्यांत मी मनाशी ठरवलं, वाचायचं नाही, सांगायचं. पुस्तक हातात धरायचं, चित्रं दाखवायची, बोलायचं आपलं आपल्या भाषेत. लहानपणी आमच्या शाळेत साने गुरुजी कथामालेचे एक सर यायचे, हातात कागदाचा चिटोरा नसायचा आणि आम्ही दीडशे पोरं चिडीचूप. तसं.

7 जुलैला परत सुरू केलं. 7 पोरं. मग 11, मग 19, मग 26. पावसात, छत्र्या घेऊन. दारात चपलांचा ढीग. मी काय हवेत होते म्हणता!

4 ऑगस्टला म्हशीचं पुस्तक घेतलं. नाव देत नाही, मराठी आणि कन्नड दोन्हीत निघालेलं 24 पानी पुस्तक आहे. गोष्ट एवढीच की एक म्हैस तळ्यात डुंबत असते, एकेक जण येऊन तिला बाहेर बोलावतो, आणि दर दोन पानांनी एक ओळ येते, "परंतु म्हैस काही बाहेर येईना." शेवटी का बाहेर येते ते चित्रातच आहे, शब्दांत नाही, आणि तीच त्या पुस्तकाची गंमत आहे. मी काय केलं, ती म्हैस आणून किल्ला तलावात बसवली. तिला बाहेर काढायला खानापूरची बस आली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, कंडक्टरनं अर्धं तिकीट देतो म्हटलं, मग कुणीतरी कुंद्याचा डबा आणला, म्हशीनं वास घेतला आणि म्हणाली माझ्याच दुधाचा मलाच देतासा होय रे. पोरं लोळून हसली. पंचवीस मिनिटं. मी पुस्तकाची पानं उलटत होते, खरं त्यातलं एक वाक्य सुद्धा मी उच्चारलं नव्हतं.

आणि मंगळवारी पुस्तक परत.

त्या दिवशी बाई गेल्यावर भावानं वही काढली. तो सगळं वहीत लिहितो, रविवारी कुठलं पुस्तक, किती पोरं, त्या पुस्तकाच्या किती प्रती त्या आठवड्यात गेल्या. जानेवारी ते मार्च, मी वाचत होते तेव्हा, 10 रविवार आणि 23 प्रती, शेवटी शेवटी पोरं सहा-सातच असून. जुलैपासून सांगायला लागले तेव्हा 5 रविवार, पोरं तिप्पट, प्रती 5. त्यातली एक ही, आत्ता परत आलेली.

म्हणाला, "तू सांगतीस ती गोष्ट विकायला आपल्याकडं नाही."

मला राग आला. म्हटलं सगळं काय विक्रीवर मोजायचं काय, पोरं यायलीत, ऐकायलीत, ते बघ की. तो म्हणाला मी पैशाचं बोलतच नाही, पाच पुस्तकांचे पंच्याहत्तर रुपये, त्यानं काय माडी बांधणार आहे मी? मी त्या पोरीचं बोलतोय. ती घरी जाऊन आईला म्हणाली हे घे, वाच. आईनं वाचलं. आई चुकीची ठरली. उद्या ती बाई पोरीला पुस्तक वाचून दाखवायला बसेल काय?

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी अभ्यास काढला, मास्तरकीची सवय. वॉरविक एली म्हणून न्यूझीलंडचे अभ्यासक, त्यांनी 1989 मध्ये छापलेलं काम आहे. वर्गात पोरांना तीच गोष्ट तीन वेळा वाचून दाखवली, तर नुसतं ऐकून जवळजवळ 15 टक्के नवे शब्द पोरांनी उचलले आणि वाचता वाचता शिक्षकांनी शब्दाचा अर्थ सांगितला तिथं 40 टक्के. बघ, म्हटलं, समजावून सांगितल्यानं होतं ते! भाऊ बारावीपर्यंतच शिकलाय, खरं हिशेबाला पक्का. त्यानं शांतपणे विचारलं, "त्यांनी गोष्ट वाचलेली काय सांगितलेली?"

वाचलेली. तीनदा. तीच.

मग काय, मी चहाचे कप उचलून आत गेले.

पुढचे दोन रविवार मी हट्टानं नुसतं वाचलं, जसंच्या तसं, आपलं एक अक्षर न घालता, थोडं भावाला दाखवायला म्हणून पण. 19 आली, मग 12. एकानं तर मधेच विचारलं, "आज बस नाही काय?" तिसऱ्या रविवारी, 25 ऑगस्टला, वहिनीला ओढलं. वहिनी बैलहोंगलकडची, घरी कन्नड, आमच्यात येऊन बारा वर्षं झाली. शेजारच्या अपार्टमेंटमधली कन्नड पोरं पण दारात उभी राहून बघायची, म्हणून एक पान मी मराठीत, तेच पान वहिनी कन्नडात, असं ठरवलं. ऐकायला किती छान वाटतं ना? साफ आपटलं. ज्यांना दोन्ही कळतं त्यांना प्रत्येक पान दोनदा, कंटाळा, आणि ज्यांना एकच कळतं ती निम्मा वेळ चटईचे धागे उपटत. आणि त्या म्हशीच्या पुस्तकाची लय अशी आहे की ओळ परत आली की मजा येते, ती लयच मोडली. वहिनी घरी येताना म्हणाली, "हे म्हणजे दोन स्टेशनं एकदम लावल्यासारखं झालं."

मग गणपती आले. 7 सप्टेंबरची चतुर्थी, पुढचे दोन रविवार दुकानातली चटई मंडळाच्या मांडवात गेली, कार्यक्रम बंद. ते बरंच झालं. आरत्या, मोदक ह्याच्यामध्ये रात्री आम्ही तिघं बसून बोलायचो. भांडण असं उरलंच नव्हतं. तो म्हणत होता पोरानं जे ऐकलं ते पुस्तकात सापडलं पाहिजे. मी म्हणत होते पोराला आपल्या भाषेत बोलायला मिळालं पाहिजे. वहिनी म्हणाली, दोन्ही करा की, खरं कुठलं पुस्तकाचं आणि कुठलं तुमचं हे पोरांना दिसू दे.

दिसू दे, हा शब्द मी धरला. 22 सप्टेंबरपासून जे सुरू केलं ते असं, आणि ज्यांना करून बघायचंय त्यांनी ह्यातलं हे तेवढं जरूर उचला. पुस्तक वर धरलंय, चित्र पोरांकडं, म्हणजे पुस्तक बोलतंय. तेव्हा तोंडातनं छापलेलं सोडून एक शब्द बाहेर काढायचा नाही, 'परंतु' असेल तर 'परंतु'च. पुस्तक खाली मांडीवर घेतलं, पानात बोट घालून मिटलं, म्हणजे आता मी बोलतेय, तुम्ही पण बोला, कसं पण बोला. एवढंच. पोरांना समजावून सांगावं लागलं नाही, दुसऱ्या रविवारी त्यांनी आपणच ओळखलं. तिसऱ्या रविवारी माझी चूक पकडायला लागली, "टीचर, पुस्तक वर धरून आपलं बोलायलासा तुम्ही!"

पहिल्यांदा पूर्ण पुस्तक एकदम वाचायचं, न थांबता, चार-पाच मिनिटं लागतात. प्रश्न नाहीत, 'आता काय होईल सांगा' नाही. ते मला आधी जमायचंच नाही, मास्तरणीची जीभ. मग लगेच परत पहिल्या पानापासून, आणि ह्या वेळी पुस्तक खाली-वर, खाली-वर. म्हशीच्या पानावर पुस्तक मांडीवर घेऊन विचारलं, डुंबत होती म्हणजे काय करायली होती? कोण म्हणालं पोहायली, कोण म्हणालं लोळायली, एक म्हणाला आमची म्हस तर नुसती बसती ओ, नाक तेवढं वर. बरोबर, तेच डुंबणं. मग विचारलं, आपल्या किल्ला तलावात असती तर कोण आलं असतं बोलवायला? आणि बस परत आली! ह्या वेळी त्यांनी आणली, खानापूरची नव्हे, अनगोळची. ती बस पुस्तकात नाही हे प्रत्येकाला माहीत होतं, कारण पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं.

दोन आठवड्यांनी एक आई सांगत होती, पोरगा न्हाणीघरातनं बाहेर येईना, हाक मारली तर आतनं म्हणतो मी डुंबायलोय.

आणि एक पुस्तक तीन रविवार. हे पालकांना पटवायला जड गेलं. "परत तेच?" असं तोंड वाकडं करून विचारणारे आई-बापच असतात, पोरं कधी विचारत नाहीत. पोरं दुसऱ्या रविवारी ओळ माझ्याआधी म्हणतात, वीस पोरं एकदम "परंतु म्हैस काही बाहेर येईना" ओरडली की समोरच्या कुंद्याच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघतो. हसणं बंद झालं 'परंतु'ला. का ते मला नेमकं सांगता येणार नाही, बहुतेक पुस्तक वर असताना तो शब्द पुस्तकाचा आहे, टीचर शिष्टपणा करत नाही, हे कळलं म्हणून असेल.

तिसरा रविवार वहिनीचा. तेच पुस्तक, कन्नड प्रत, पहिल्यापासून शेवटपर्यंत कन्नडात, मी मागं बसते. गोष्ट पाठ असल्यामुळं मराठी पोरं अडत नाहीत, 'एम्मे' आली की म्हैस कळते, चित्र तेच. शेजारची कन्नड पोरं आता पहिल्या दोन रविवारी पण येऊन बसतात, वहिनी जरा थांबली की "आमेले? आमेले?" (म्हणजे 'मग? पुढं?') करतात, आणि परवा माझ्या वाचनात एक आमचाच पोरगा "आमेले?" म्हणाला तर कुणी वळून सुद्धा बघितलं नाही.

मोठ्यांना मात्र सगळं गोड लागलं असं नाही. एका वडिलांनी बाजूला घेऊन सांगितलं, आम्ही पोराला इथं आणतो ते मराठी कानावर पडावं म्हणून, कन्नड शाळेत आहेच की. त्यांचं दुखणं मला कळतं, सीमाभागात वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मी म्हटलं दोन रविवार मराठीच आहे. तिसऱ्याला नका आणू. त्यांनी तिन्ही बंद केले. दुसऱ्या बाजूनं, दारातला कागद मराठीत बघून एकानं फोन करून विचारलं, कन्नडात का नाही. त्या वर्षी तसा पाट्यांचा विषय तापलेलाच होता, 60 टक्के कन्नडचा नियम 2024 मध्ये आला आणि आमचा बोर्ड पण नवीन रंगवला होता. आम्ही कागद दोन्ही भाषेत केला, सारख्या अक्षरात, विषय संपला. भाऊ म्हणतो दोन्हीकडचे रागावले म्हणजे आपलं बरोबर चाललंय. मला ते पटत नाही. तो पोरगा पहिल्या रांगेत बसायचा आणि म्हशीच्या कानाचं चित्र बोटानं गिरवायचा, तो यायचा बंद झाला हे काही बरोबर झालं नाही.

बारीकसारीक कामाच्या गोष्टी सांगते, कारण आम्हाला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या. गुळगुळीत कागदावर ट्यूबलाईट चमकते, समोरच्या पोरांना चित्राऐवजी पांढरा पट्टा दिसतो, आम्हाला हे दोन महिन्यांनी कळलं, मी स्वतः चटईवर जाऊन बसले तेव्हा. आता माझ्या डोक्यावरची ट्यूब बंद करतो. पुस्तक छातीसमोर धरू नका, खांद्याजवळ बाजूला धरा आणि पान खालच्या कोपऱ्यातनं उलटा, म्हणजे हात चित्रावर येत नाही. खुर्ची नको, बुटका स्टूल. पंधराच्या वर पोरं गेली की मागच्यांना काही दिसत नाही, तेव्हा दुसरी प्रत घेऊन वहिनी मागच्या रांगेत बसते आणि माझ्याबरोबर पान उलटते. मजकूर पाठच पाहिजे, वाकड्या मानेनं वाचायला जाल तर अडखळाल. अकराला म्हणजे अकराला सुरू होत नाही, दुसरं गेट पडलं की पलीकडची सगळी तिथंच, म्हणून पहिली दहा मिनिटं पोरांना कपाटातली पुस्तकं हाताळायला सोडतो. मळतात थोडी. मळू देत.

चिप्स, बिस्किटं, सर्टिफिकेटं सगळं बंद केलं. एका ताईंनी वाचनाचा पूर्ण व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायची परवानगी मागितली, तिथं भावानं नाही म्हटलं. चार पोरांसमोर वाचणं वेगळं आणि पानन् पान दिसेल असा व्हिडिओ पसरवणं वेगळं, तो पुस्तकाची नक्कल केल्यासारखा होतो, ज्यांनी लिहिलं-काढलं त्यांना विचारल्याशिवाय नको. असलं करायचंच असेल तर 'प्रथम बुक्स' ह्या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर वेबसाईटवरच्या गोष्टी घ्याव्यात, त्या खुल्या परवान्याच्या असतात, श्रेय देऊन वाचा, छापा, काही करा, मराठी आणि कन्नड दोन्हीत बऱ्याच सापडतात. आम्ही त्यातल्या दोन प्रिंट काढून वापरल्या. खरं दुकानात विकायला छापील पुस्तकच लागतं, आणि तेच पुस्तक दोन्ही भाषेत एका वेळी मिळवणं हा ताप आहे. नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथमची अशी जोडीची पुस्तकं असतात, पण मराठी प्रत आली तर कन्नड नाही, कन्नड आली तर मराठी संपलेली. एकदा तिसरा रविवार कन्नड प्रतीशिवाय आला, तर वहिनीनं मराठी पुस्तकावर कन्नड कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, रात्री बारापर्यंत बसून.

आता भावाची वही. सप्टेंबरअखेर ते मार्च 2025, सुट्ट्या वगळून 24 रविवार, 8 पुस्तकं. पोरं 14 ते 18 मध्ये स्थिर, 26 परत कधी झाली नाहीत. त्या आठ पुस्तकांच्या 61 प्रती गेल्या, त्यातल्या 17 कन्नड. सुटले हजारभर रुपये, सहा महिन्यांत. जास्त प्रती पहिल्या रविवारी जात नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्याला जातात, पोराला ओळी पाठ झाल्यावर. म्हणजे ज्याला गोष्ट माहीत झालीय तोच पुस्तक मागतो, हे मला धंद्याच्या दृष्टीनं उलटंच वाटायचं.

न सुटलेलं पण आहे. वयाचं काही जमत नाही, तीन वर्षांचं मधेच उठून चालायला लागतं आणि आठ वर्षांच्याला ते पुस्तक बाळबोध वाटतं, मोठ्यांना पान धरायचं काम देऊन वेळ मारून नेतोय. आणि मराठी शाळेतली, वडगाव-अनगोळकडची पोरं अजून कमीच येतात, रिक्षाचे पैसे घालून गोष्ट ऐकायला कोण आणणार.

पुस्तक परत करणाऱ्या बाई ऑक्टोबरमध्ये पोरीला घेऊन आल्या. पुस्तक परत विकत घेतलं नाही, मी पण विषय काढला नाही. पोरगी सरळ आत येऊन माझ्या स्टूलाजवळ बसली. त्या दिवशी म्हशीचा दुसरा रविवार होता (पोरांनी मागून घेतलेलं, परत एकदा), मी पुस्तक वर धरून वाचत होते आणि सवयीनं एका ठिकाणी "पण म्हैस काही बाहेर येईना" म्हणून गेले. पोरीनं माझा पदर ओढला.

"तिथं परंतु हाय."

तिला कसं माहीत विचारलं तर म्हणाली, आई वाचली होती की त्या दिवशी. एकदाच, रडता रडता ऐकलेलं.

ती परत आलेली प्रत आम्ही विकली नाही, वाचायला तीच वापरतो. शिवण सैल झालीय, सातव्या पानावर माझ्या चहाचा डाग आहे. भावाच्या वहीत ती 'खराब, 60 रुपये' म्हणून मांडलेली आहे.